युद्ध सुरू असताना नदीचा आराखडा: द्नीप्रोपुढचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. युक्रेनमधलं काखोव्का धरण जून २०२३ मध्ये फुटलं. युद्ध थांबलेलं नसतानाही ते धरण पुन्हा बांधायचं की द्नीप्रो नदी मोकळी वाहू द्यायची, यावर तिथे गंभीर चर्चा चालू आहे. तोफा धडधडत असताना नदीच्या पुढच्या पन्नास वर्षांचं नियोजन खरंच होतं का, की तो नुसता कागदी खेळ? आणि धरणाबद्दल तुमचं मत काय? विचारणारा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून काही ठिकाणी तांत्रिक तपशिलात शिरतो.

माझी सगळी नोकरी महाराष्ट्रातल्या खोरे आराखड्यांच्या कामात गेली. द्नीप्रोवर मी गेलेलो नाही, पण धरण फुटल्यापासून तिचे अहवाल, शास्त्रीय लेख आणि उपग्रहचित्रं नेमाने बघत आलो आहे. तर आधी उत्तर: नियोजन होतं, आणि करायलाच हवं. मात्र ते शांततेतल्या नियोजनासारखं नसतं. शांततेत आपण नदीचं अंतिम चित्र रंगवत बसतो. युद्धात पहिलं काम म्हणजे आजच घ्यायला हवेत असे निर्णय आणि आज मुळीच घेऊ नयेत असे निर्णय वेगळे काढणं. मागे फिरता येणार नाही अशी कुठलीही गोष्ट घाईत करायची नाही, आणि तहानेचा प्रश्न मात्र एक दिवसही पुढे ढकलायचा नाही. द्नीप्रोच्या बाबतीत या दोन्हींची सरमिसळ होतेय, आणि माझी काळजी तीच आहे.

नदीचा आवाका आधी लक्षात घ्या. रशियातल्या वाल्दाईच्या टेकड्यांत उगम, मग बेलारूस, मग जवळपास हजार किलोमीटर युक्रेनमधून वाहत ती खेरसनच्या खाली काळ्या समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे २,२०० किलोमीटर. खोरं पाच लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठं. वर्षाला सरासरी ५३ घन किलोमीटर पाणी, आपल्या हिशेबात १,८७० टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. सोव्हिएत काळात या नदीवर एकाखाली एक सहा धरणं झाली: कीव्ह, कानिव्ह, क्रेमेंचुक, कामियान्स्के, झापोरिझिया आणि सगळ्यात खाली काखोव्का. युक्रेनमधली नदी ही प्रत्यक्षात एकाला एक लागलेल्या जलाशयांची रांगच झाली होती.

काखोव्काचा साठा १८.२ घन किलोमीटर होता. टीएमसीत साधारण ६४३, म्हणजे सहा कोयना. पण कोयनेसारखं ते खोल दरीतलं पाणी नव्हतं. जलाशय २४० किलोमीटर लांब, क्षेत्रफळ २,१५५ चौरस किलोमीटर. भागाकार करून बघा, सरासरी खोली साडेआठ मीटरसुद्धा भरत नाही. आपल्याकडच्या जायकवाडीसारखा हा पसरट, उथळ प्रकार. अशा जलाशयात बाष्पीभवन भरमसाट होतं, उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवंगार होतं आणि साठ्याच्या मानाने फार मोठी जमीन बुडते. इथे बुडाली ती वेलिकी लुह नावाची पूरमैदानं: नदीचे असंख्य फाटे, गवताळ कुरणं, विलोची बनं, आणि कोसॅक या युक्रेनच्या जुन्या लढवय्या समाजाच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या जागा. १९५० मध्ये मॉस्कोने निर्णय घेतला, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जलाशय भरला. ज्यांची गावं उठली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे याच चुकीकडे परत यायचं आहे.

६ जून २०२३ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, धरण फुटलं. तेव्हा ते रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. बहुतेक पुरावे आतून झालेल्या स्फोटाकडे बोट दाखवतात, रशिया ते नाकारतो. त्याआधी मे महिन्यात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साडेसतरा मीटरवर, म्हणजे कित्येक वर्षांतल्या उच्चांकावर होती. खालच्या अंगाला सुमारे ६०० चौरस किलोमीटर भाग पाण्याखाली गेला. खेरसनमध्ये नदी पाच मीटरहून जास्त चढली. डाव्या काठावरच्या ओलेश्कीत किती माणसं गेली याचा नीट आकडा आजही नाही, कारण तो भाग रशियन ताब्यात आहे. युक्रेन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून केलेल्या पाहणीत नुकसान जवळपास १४ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्यात प्रत्यक्ष मोडतोड तीन अब्जांच्या आतली. बाकी सगळं जे बंद पडलं, जे पिकलं नाही, जे वाहून गेलं, त्याचं.

आता आज घ्यायच्या निर्णयांकडे वळू. जलाशय रिकामा झाल्यावर सगळ्यात आधी काय होतं, तर जॅकवेल उघडी पडते. काठावरच्या शहरांच्या पाणीउपशाच्या विहिरी एका ठरावीक पातळीसाठी बांधलेल्या असतात. त्या पातळीखाली पाणी गेलं की पंप धडधाकट असूनही कोरडे. आपल्याकडे दुष्काळात उजनीच्या काठावर चारी खोदून पाणी जॅकवेलपर्यंत आणतात, फ्लोटिंग पंप लावतात, तसं करता येतं. पण निकोपोलसारख्या शहरासमोर पाणी कित्येक किलोमीटर मागे सरकलं, आणि पलीकडच्या काठावर, नेमकं समोर, झापोरिझिया अणुवीज केंद्र (नाव तेच, पण झापोरिझिया शहर आणि तिथलं धरण बरंच वर आहे) आणि शत्रूच्या तोफा. चारी खोदायला माणसं पाठवायची म्हणजे त्यांना मारायला पाठवणं.

म्हणून त्यांनी वेगळा मार्ग घेतला. निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव्ह ही शहरं आणि क्रिव्ही रिह हे सहा लाखांवर वस्तीचं पोलाद-खाणींचं शहर, यांच्यासाठी सुमारे १५० किलोमीटरच्या नव्या मुख्य जलवाहिन्या टाकायला घेतल्या. एक बाजू इन्हुलेत्स नदीकडून, दुसरी वरच्या अंगाने झापोरिझियाकडून. युद्ध चालू असतानाच हे काम झालं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख लोकांचं पिण्याचं पाणी अडचणीत होतं, तेव्हा यावर दुमत असायचं कारण नव्हतं.

पण नियोजनकाराच्या नजरेने बघा. तातडीची म्हणून टाकलेली ही वाहिनी पुढची पन्नास वर्षं जमिनीत राहणार आहे. त्या शहरांची तहान आता काखोव्काच्या पातळीवर पूर्वीसारखी अवलंबून नाही. म्हणजे ‘पिण्याच्या पाण्यासाठी धरण हवंच’ हा युक्तिवाद त्या प्रमाणात कमजोर झाला. कुणी ठरवून असं केलं नाही, तरी धरणाच्या वादातला एक मोठा मुद्दा पाइपलाइनने सोडवून टाकला. युद्धकाळात नदीचं भविष्य हे असंच घडतं. पंपाची उंची, पाइपचा व्यास, उपसा कुठून घ्यायचा, असल्या छोट्या दिसणाऱ्या गोष्टी ठरवताना कुणीतरी मोठा नकाशा समोर धरून बसलेलं असावं लागतं.

घाईची किंमत काय असते हेही त्याच प्रदेशात दिसतं. मिकोलाइव्ह शहराला द्नीप्रोहून येणारी मुख्य जलवाहिनी एप्रिल २०२२ मध्ये लढाईत तुटली. पावणेपाच लाख वस्तीच्या शहरात काही आठवडे नळ कोरडे होते. मग दक्षिण बुह नदीच्या खाडीचं मचूळ पाणी जाळ्यात सोडलं. निदान संडास-बाथरूम तरी चालावं म्हणून. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पण खारट पाण्याने शहरातले पाइप आतून खाल्ले, गळती वाढत गेली, आणि माणसं वर्षानुवर्षं टँकरपुढे आणि शुद्धीकरणाच्या नळकोंडाळ्यांपुढे कॅन घेऊन उभी राहिली. म्हणून आपत्कालीन उपाय मंजूर करतानाच त्याचा शेवट लिहायचा असतो: हे किती दिवस, आणि नंतर काय बदलावं लागेल. हे खूप वेळा राहून जातं.

दुसरा गट आज घेऊ नये अशा निर्णयांचा. त्यात सगळ्यात वर आहे काखोव्का धरणाची पुनर्बांधणी. जुलै २०२३ मध्येच, धरण फुटून दीड महिना होतो न होतो तोच, युक्रेनच्या मंत्रिमंडळाने पुनर्बांधणीच्या प्रायोगिक प्रकल्पाला मान्यता दिली. आराखडे आत्ता, प्रत्यक्ष बांधकाम तो भाग मुक्त झाल्यावर. त्यामागची भावना मला समजते. घर पाडलेल्या माणसाला तेच घर पुन्हा उभं करायचं असतं, आणि शत्रूने तोडलेली वस्तू तशीच जोडून दाखवणं यात स्वाभिमान असतो. सर्वेक्षण करा, पर्यायांचा अभ्यास करा, याला हरकत नाही. निर्णय मात्र आत्ता नको. का, ते सांगतो.

धरणाच्या बाजूचे मुद्दे भक्कम आहेत, ते झटकून टाकणं अन्यायाचं होईल. या जलाशयावरच्या सिंचन योजनांनी २०२१ मध्ये ५ लाख ८४ हजार हेक्टर भिजवलं होतं. दक्षिण युक्रेन कोरडा स्टेपचा, म्हणजे झाडं नसलेल्या गवताळ मैदानांचा मुलूख आहे. खेरसनची कलिंगडं आणि टोमॅटो प्रसिद्ध आहेत ती कालव्याच्या पाण्यावर. जलवाहतुकीने धान्य आणि पोलाद थेट समुद्राला जात असे. आणि अणुवीज केंद्र: हजार मेगावॅटचे सहा संच, युरोपातलं सगळ्यात मोठं. त्याच्या थंडाव्याच्या पाण्याचा स्रोत हाच जलाशय होता आणि त्याची पातळी १२.७ मीटरखाली जाऊ द्यायची नाही असा दंडक होता.

आता एकेक मुद्दा आजच्या स्थितीत तपासा. अणुवीज केंद्रातले सगळे संच बंद आहेत. बंद संचांना थंड ठेवायला अकरा नव्या कूपनलिकांचं पाणी, तासाला सुमारे २५० घनमीटर, पुरतं, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे अहवाल सांगतात. सहाही संच पूर्ण क्षमतेने चालवायचे तर मात्र पाण्याची गरज कैक पटीने वाढते. ते चालणार का, किती संच चालणार, कुणाच्या ताब्यात चालणार, हे आज कुणालाही सांगता येत नाही. मग त्याच्यासाठी सहा कोयनांएवढा साठा आजच कसा ठरवायचा? जलवाहतुकीचंही तसंच. खालच्या टप्प्यात नदी हीच युद्धाची सीमारेषा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेनने उजवा काठ आणि खेरसन परत घेतलं, डावा काठ रशियाकडे राहिला. तिथे बोट चालवायचा प्रश्नच येत नाही.

वीज? काखोव्काची स्थापित क्षमता साडेतीनशे मेगावॅटच्या घरातली. जलविद्युतचं खरं मोल गर्दीच्या तासांतल्या विजेत असतं हे मान्य, पण तेवढ्यासाठी दोन हजार चौरस किलोमीटर बुडवण्याचं समर्थन होत नाही. उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची) आणि बॅटऱ्या हे पर्याय आज हाताशी आहेत.

सिंचनाचा मुद्दा सर्वांत खरा, आणि सर्वांत कमी अभ्यासलेला. धरण म्हणजेच सिंचन असं आपण महाराष्ट्रातही मानत आलो. पण नदी काही आटलेली नाही. वरून येणारं पाणी तितकंच आहे आणि त्याचा हंगामी साठा करणारं मोठं क्रेमेंचुक धरण, साडेतेरा घन किलोमीटरचं, शाबूत आहे. काखोव्का गेल्याने हातची गेली ती मुख्यतः पातळी, म्हणजे कालव्याच्या मुखाशी आयती मिळणारी उंची. त्याजागी उपसा सिंचन, नदीपात्राबाहेरचे छोटे साठवण तलाव, बंद नलिकांतून वितरण, ठिबक, असा मेळ घालता येतो. खर्च येईल, विजेचं बिल येईल. तो हिशेब धरणाच्या खर्चाशेजारी ठेवून जाहीरपणे मांडला पाहिजे. अडचण एवढीच की या लाभक्षेत्राचा मोठा भाग डाव्या काठावर, ताब्याखाली आहे. तिथल्या शेतात सुरुंग पेरलेले आहेत. कोण शेतकरी परत येईल, काय पिकवेल, कुठल्या बाजारात विकेल, हे माहीत नसताना पाण्याची मागणी काढणं म्हणजे हवेत आकडे लिहिणं.

आणि याहून मोठी गोष्ट अशी की तिथल्या माणसांना विचारताच येत नाही. अर्धे लाभधारक विस्थापित, उरलेले बंदुकीच्या धाकात. जनसुनावणी घ्यायची कुणाची? १९५० मध्ये या लोकांच्या आजी-आजोबांना न विचारता जलाशय केला गेला. आता त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्यांदा तोच निर्णय घेतला गेला, तर तो कितीही चांगल्या हेतूने असो, मला तो मान्य नाही.

दरम्यान नदीने स्वतःचं काम सुरू केलं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धरण फुटलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. विलो आणि पॉप्लर यांचं कापसासारखं हलकं बी नेमकं त्याच सुमारास वाऱ्यावर असतं. या बियांना एकच गोष्ट लागते: ओली, उघडी, दुसऱ्या झाडांची सावली नसलेली माती. ती मिळाली नाही तर थोड्याच दिवसांत बी मरतं. इथे पाणी हळूहळू ओसरत गेलं आणि ओल्या गाळाच्या पट्ट्यामागून पट्टा बियांसाठी उघडा होत गेला. जूनअखेरीस कीव्हच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची तुकडी पोचली तेव्हा रोपं उगवलेली होती. पहिला हंगाम संपेपर्यंत दोन-तीन मीटर उंचीची दाट विलो ठिकठिकाणी उभी होती. त्यानंतरच्या वसंतात पूर आला, जुने फाटे पुन्हा भरले, मासे त्यात शिरले. धरण फेब्रुवारीत फुटलं असतं तर कदाचित तिथे नुसतं तण आणि धूळ दिसली असती.

२०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की पाच वर्षांत धरण नसलेल्या नदीच्या परिसंस्थेशी ऐंशी टक्के जुळेल इतकं पुनरुज्जीवन इथे होऊ शकेल. पण त्याच अभ्यासाने इशाराही दिला. जलाशयाच्या गाळात शेकडो कारखान्यांचे जड धातू दशकानुदशकं साठलेले आहेत, सुमारे ८३ हजार टन, आणि फुटीच्या वेळी त्यातला अगदी थोडा हिस्साच वाहून गेला. बाकीचा आता उघड्यावर आहे. पाऊस आणि पूर तो धुऊन नदीत आणतील. वनस्पतींच्या मुळांनी गाळ बांधला जातो ही चांगली बाजू, पण त्याच वनस्पतींतून धातू किड्यांत, पक्ष्यांत, माशांत चढतात.

म्हणून जंगल उगवलं, आता सगळं आपोआप ठीक होईल, हेही मला पटत नाही. इथे आपल्याकडचा गाळपेर जमिनीचा अनुभव उपयोगी आहे. जलाशय मागे सरकला की काठचे शेतकरी त्या ओल्या गाळात पेरतात. पीक जोमदार येतं, आणि चार वर्षं पेरलं की ती जमीन आपली वाटू लागते. काखोव्काच्या तळातून दोन हजार चौरस किलोमीटर जमीन वर आली आहे. युद्ध थांबताच तिच्यावर नजर असणारे गप्प बसणार नाहीत: शेतीसाठी, वाळूसाठी, काठावरच्या घरांसाठी. या जमिनीची मालकी काय, तिच्यावर काय करता येणार नाही, हे कायद्याने आजच ठरवायला हवं. गाळाची तपासणी होईपर्यंत पेरणी नाही, बांधकाम नाही, पट्टे नाहीत. हा निर्णय मागे घेता येतो, म्हणून तो तातडीने घ्यावा. जमीन एकदा वाटली गेली की परत मिळत नसते.

नदीकाठ मोकळा ठेवण्याचा दुसरा फायदा या युद्धानेच दाखवला. कीव्हच्या वायव्येला इर्पिन नावाची १६२ किलोमीटरची छोटी उपनदी आहे. कीव्ह जलाशयाची पातळी इर्पिनच्या मैदानापेक्षा काही मीटर उंच. मध्ये बांध, आणि कोझारोविची गावाजवळ पंप लावून इर्पिनचं पाणी वर जलाशयात ढकलायचं अशी सोव्हिएत काळापासूनची रचना. त्यामुळे दलदल कोरडी राहून शेती होत असे, पुढे घरंही आली. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनच्या सैन्याने तो बांध फोडला. जलाशयाचं पाणी उलटं मैदानात शिरलं, जुनी दलदल परत आली आणि राजधानीकडे निघालेले रणगाडे अडले. डेमिडिव्ह गावातल्या लोकांची तळघरं आणि बागा महिनोन्महिने पाण्यात होत्या. त्यांनी दिलेली किंमत विसरून चालणार नाही. पण तेव्हापासून युक्रेनमध्ये पाणथळ जागा हा संरक्षणाचाही विषय झाला. इर्पिनचं मैदान पुन्हा कोरडं करून बिल्डरांच्या हवाली करायचं की पाणथळ म्हणून राखायचं, या वादात पर्यावरणवाल्यांच्या बाजूला पहिल्यांदाच असा मुद्दा आला जो लष्करालाही पटतो.

उलट बाजूने, मोठं धरण हे युद्धात लक्ष्य होतं. झापोरिझियाचं धरण आणि वीजघर, द्नीप्रोहेस, १९३२ मध्ये सुरू झालं. १८ ऑगस्ट १९४१ रोजी माघार घेणाऱ्या सोव्हिएत सैन्यानेच ते उडवलं. १९४३ मध्ये जाताना जर्मनांनी पुन्हा मोडतोड केली. १९४७ मध्ये ते परत चालू झालं, आणि मार्च २०२४ मध्ये त्यावर रशियन क्षेपणास्त्रं पडून वीजघर बंद पडलं, तेल नदीत गेलं. भूकंपप्रवण भागात आपण धरणाच्या संकल्पनात, म्हणजे डिझाइनमध्ये, भूकंपाचा भार धरतो. या नदीवर हल्ला हाही संकल्पनाचा भार धरला पाहिजे. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलचं ५६ वं कलम धरणांना संरक्षण देतं, पण त्या कलमाने काखोव्का वाचलं नाही. एका प्रचंड साठ्याऐवजी विखुरलेले छोटे साठे, प्रत्येक शहराला दोन स्रोत, ही रचना सुरक्षित आहे आणि योगायोगाने नदीलाही मानवणारी आहे.

याचा अर्थ सगळी धरणं काढा असा नाही. कीव्ह जलाशयाच्या तळाशी चेर्नोबिलचा किरणोत्सारी गाळ आहे, प्रिप्यात नदीने आणून टाकलेला. तो तळ उघडा पडू द्यायचा नाही, म्हणजे ते धरण सांभाळायचंच. प्रत्येक धरणाचा निवाडा वेगळा. आणि उरलेल्या पाच धरणांतून करता येण्यासारखं खूप आहे, तेही एक वीट न रचता. झापोरिझियातून पाणी कसं सोडलं जातं यावर आता खालच्या सगळ्या नदीचं जगणं ठरतं. विजेच्या सोयीने दिवसात दोनदा पाणी चढवलं-उतरवलं तर माशांची अंडी कोरडी पडतात. वसंतात दोन-तीन आठवडे मुद्दाम जास्त विसर्ग दिला तर वेलिकी लुहचे फाटे भरतात. परिचालनाचं वेळापत्रक बदलणं हे युद्धातही शक्य आहे, आणि चुकलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येतं. नदीसाठी आज काय करता येईल असं कुणी मला विचारलं तर पहिलं हे सांगेन.

मापनाबद्दलही बोललं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेइम नदीतून काळं, दुर्गंधी पाणी रशियाच्या कुर्स्क भागातून युक्रेनच्या सुमीत आलं, मासे मरून तरंगू लागले, आणि ते प्रदूषण देस्ना नदीत उतरलं. देस्ना कीव्हला पिण्याचं पाणी देते. सीमेपलीकडून सूचना यायची आशाच नव्हती. रोज नमुने घेणारी माणसं होती म्हणून पाण्याचा लोंढा कुठवर आला हे कळत राहिलं आणि नदीत हवा मिसळण्याची यंत्रं लावता आली. युद्धात सर्वांत आधी कात्री लागते ती मोजणीच्या खर्चाला, आणि तीच चूक नंतर भरून काढता येत नाही. बुडालेला पूल पुन्हा बांधता येतो. न घेतलेली २०२४ ची नोंद २०३४ मध्ये घेता येत नाही. शिवाय उद्या नुकसानभरपाईच्या दाव्यात तोच पुरावा असणार आहे. अर्थात कुठली माहिती उघड करायची याचं भान हवं. उपशाच्या जागा आणि पंपघरांचे नकाशे प्रसिद्ध केले तर शत्रूला पत्ता दिल्यासारखं होईल. पाण्याचा दर्जा आणि प्रवाहाच्या नोंदी मात्र लोकांपासून लपवू नयेत.

इतिहासातलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९५७ मध्ये लाओस, कंबोडिया, थायलंड आणि दक्षिण व्हिएतनाम यांची मेकाँग समिती स्थापन झाली. पुढची जवळपास दोन दशकं तो सगळा प्रदेश युद्धात होरपळला, पण समिती थांबली नाही. १९७० मध्ये तिने खोऱ्याचा भव्य आराखडा काढला, त्यात मुख्य नदीवरची अवाढव्य धरणं होती. त्यातलं पा माँगचं प्रचंड धरण कधीच झालं नाही, आणि आज ते झालं नाही याचं कुणाला फारसं दुःख नाही. टिकलं काय? प्रवाह मोजणारी ठाणी, साठवलेल्या नोंदी, आणि एकमेकांशी बोलायची सवय. लाओसमधलं नाम न्गुम धरण युद्धातच, १९७१ मध्ये, पूर्ण झालं आणि सरकारं बदलली तरी थायलंडला वीज देत राहिलं. त्या नोंदींच्या आणि त्या सवयीच्या पायावर १९९५ चा मेकाँग करार झाला.

युक्रेननेही या दिशेने पावलं टाकली आहेत. युरोपीय संघाचा उमेदवार देश म्हणून त्याला संघाच्या २००० सालच्या जलनीती निर्देशानुसार खोरेनिहाय आराखडे करावे लागतात. २०२४ च्या अखेरीस द्नीप्रोसह नद्यांचे २०२५ ते २०३० या काळाचे आराखडे तिथल्या मंत्रिमंडळाने मंजूर केले. आपल्याकडे २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात एकात्मिक जल आराखड्याची तरतूद झाली आणि तो प्रत्यक्ष व्हायला शांततेत दहा वर्षांहून जास्त लागली. त्या मानाने हॉस्टेल, हॉस्पिटलं आणि वीजघरांवर बॉम्ब पडत असताना त्यांच्या लोकांनी हे काम पुढे नेलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. या आराखड्यांची मुदत सहा वर्षांची आहे, हाही गुणच समजा. सहा वर्षांनी ते पुन्हा उघडायचेच असतात, तेव्हा डाव्या काठाची माणसंही टेबलाशी असतील अशी आशा धरता येते.

धरणाबद्दल माझं मत विचारलंत, तर जुन्या पातळीचा जुना जलाशय पुन्हा भरू नये. गरजेची उंची मिळवण्यासाठी एखादा कमी उंचीचा बंधारा, किंवा अणुवीज केंद्राजवळ मुख्य पात्रापासून वेगळा काढलेला मर्यादित साठा, एवढ्यापर्यंत विचार करायची माझी तयारी आहे. तोही गाळाची तपासणी आणि सुरुंग काढण्याचं काम झाल्यावर, आणि तिथले लोक परतल्यावर.

तुम्हाला हे स्वतः पाहायचं असेल तर युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. निकोपोल आणि झापोरिझिया यांच्यामधला पट्टा घ्या. मे २०२३, जुलै २०२३ आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीचा मे महिना, अशी कमी ढगांची चित्रं शेजारी शेजारी लावा. आधी नैसर्गिक रंगात बघा, मग हिरवाईचा निर्देशांक काढून. कुठल्या फाट्यात पाणी टिकलं, विलो कुठे धरली, कुठला गाळ अजून उघडा आहे हे हाताने नकाशावर आखा. त्यानंतर हीच पद्धत जायकवाडीच्या गाळपेर पट्ट्यावर वापरून बघा. प्रकल्प अहवालासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. आखताना जिथे अडाल तिथे चित्राची तारीख लिहून मला विचारा.